कोविड लसीकरण : लस मोफत असूनही केंद्र रिकामे का राहिले? कोवलम (चेन्नई) येथील अनुभव आणि तुमचे हक्क

कोविड-१९ ची लस देशात मोफत मिळत होती, तरीही अनेक गावांत ती घेण्यास लोक पुढे येत नव्हते. चेन्नईजवळच्या कोवलम या मच्छीमार गावात २०२१ च्या मे-जून महिन्यांत लस घेणाऱ्यांना बिर्याणी, मोबाइल रिचार्ज आणि सोडतीत सोन्याचे नाणे देण्यात आले. त्या निमित्ताने मोफत लसीची योजना कशी चालली, लोक का थांबले, लस न घेणाऱ्याचे रेशन किंवा पगार अडवता येतो का, लसीनंतर त्रास झाल्यास कोठे सांगायचे आणि प्रमाणपत्रातील चूक कशी सुधारायची याची माहिती या पानावर दिली आहे.

कोवलम कोठे आहे?

केरळमधील तिरुवनंतपुरमजवळचे प्रसिद्ध कोवलम वेगळे. येथे उल्लेख आहे तो तामिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यातील कोवलमचा. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत याचे नाव कोवलाँग असे आढळते. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर, शहराच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर हे गाव आहे. येथे दर्गा आहे, चर्च आहे, अलीकडे लाटांवर फळी चालवण्याच्या खेळामुळे पर्यटकही येतात; पण गावाचा मूळ व्यवसाय मासेमारीचा.

लस कोणाला, केव्हापासून मोफत मिळाली?

देशातील लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील नागरिक आणि सहव्याधी असलेले ४५ ते ५९ वयोगटातील नागरिक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व पात्र ठरले.

कागदावर हा क्रम सरळ दिसतो. १ मेनंतर मात्र गुंतागुंत झाली, आणि ती समजून घेतल्याशिवाय कोवलमचे आकडे नीट वाचता येत नाहीत. १८ ते ४४ वयोगटासाठी लस राज्यांनी स्वतः विकत घ्यायची, ४५ वर्षांवरील लोकांसाठी केंद्र सरकार देणार, अशी त्या वेळी विभागणी होती. एकाच केंद्रावर एका गटाची लस शिल्लक आणि दुसऱ्या गटाची संपलेली, असे चित्र दिसू लागले. महाराष्ट्राने १ मे रोजी तरुणांचे लसीकरण सुरू केले, पण तुटवड्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात ते थांबवावे लागले. तामिळनाडूत या वयोगटाची सुरुवातच २० मे रोजी झाली.

२१ जून २०२१ पासून धोरण बदलले. देशात तयार होणाऱ्या लसींपैकी ७५ टक्के लस केंद्राने खरेदी करून राज्यांना मोफत द्यायची आणि १८ वर्षांवरील प्रत्येकाला सरकारी केंद्रावर ती विनामूल्य मिळायची, असे ठरले. उरलेली २५ टक्के खासगी रुग्णालयांसाठी होती. त्यांना लसीच्या किमतीवर सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त १५० रुपयेच घेता येत होते. त्या वेळी खासगी रुग्णालयात कोविशील्डची कमाल किंमत ७८०, कोव्हॅक्सिनची १,४१० आणि स्पुटनिक व्हीची १,१४५ रुपये ठरवून दिली होती. पुढे ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षे आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लस मिळू लागली. प्रौढांसाठीची तिसरी, म्हणजे खबरदारीची मात्रा १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस मोफत होती.

लोक का आले नाहीत?

सरकारी परिपत्रकांत याला ‘लसीबाबत संकोच’ म्हणतात. मराठीत संकोच म्हणजे लाज किंवा अवघडलेपण. येथे प्रश्न लाजेचा नव्हता. लोकांच्या मनात धास्ती होती, आणि ज्यांच्या मनात धास्ती नव्हती त्यांना वेळ नव्हता. या दोन्ही गोष्टींना ‘अज्ञान’ या एकाच शब्दात टाकले, की उपायही चुकतो.

तामिळनाडूतील धास्तीला एक ठळक निमित्त होते. लोकप्रिय विनोदी अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ रोजी चेन्नईतील सरकारी रुग्णालयात कोव्हॅक्सिन घेतली आणि लोकांनाही लस घेण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि १७ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. लसीचा या मृत्यूशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी लगेच सांगितले होते. मात्र लसीकरणोत्तर घटनांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा तसा निष्कर्ष ऑक्टोबर २०२१ मध्ये समोर आला. मधले सहा महिने अफवेला मोकळे मिळाले. एखाद्या वस्तीत लोक ‘अमुक लस घेऊन गेला’ म्हणतात तेव्हा ते काहीतरी रचून सांगत असतात असे नाही. त्यांनी दोन खऱ्या घटना एकामागून एक पाहिलेल्या असतात. पहिल्यामुळेच दुसरी घडली, एवढाच जोड त्यांनी स्वतः लावलेला असतो. तो जोड तपासून खरे-खोटे सांगणारा माणूस वेळेवर लागतो.

दुसरे कारण मजुरीचे. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे सर्वसाधारण परिणाम आहेत. पगारी नोकराला त्याची रजा मिळते. होडीवर जाणाऱ्याला, मासळी विकणाऱ्या बाईला किंवा रोजंदारीवरच्या माणसाला तो दिवस बुडतो. त्यात तामिळनाडूत १० मेपासून टाळेबंदी होती आणि २४ मेपासून ती अधिक कडक झाली. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून हा यांत्रिक बोटींच्या मासेमारी बंदीचा काळही असतो. हातात आधीच पैसा नसताना तापाचा एक दिवस कोणी कशाला ओढवून घेईल?

तिसरे कारण म्हणजे बदलत्या सूचना. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे झाले आणि १३ मे २०२१ रोजी १२ ते १६ आठवडे करण्यात आले. अंतर वाढवल्याने संरक्षण कमी होत नाही, उलट चांगले मिळते, असा त्यामागील शास्त्रीय आधार सांगितला गेला. पण तुटवडा चालू असतानाच हा बदल आल्याने ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली’ असे अनेकांना वाटले.

चौथे कारण भाषेचे आणि फोनचे. नोंदणीचे को-विन पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होते. हिंदी, मराठी, तमिळसह इतर भारतीय भाषा त्यावर जून २०२१ मध्ये आल्या. लसीकरण सुरू होऊन तोवर साडेचार महिने उलटले होते. भाषांतराचे काम शेवटी करायचे असते, ही आपल्याकडील जुनी सवय. साथीत तिची किंमत वस्त्यांना मोजावी लागते. १८ ते ४४ वयोगटाला सरकारी केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभाही २४ मे २०२१ रोजी मिळाली, तीही राज्यांच्या निर्णयावर अवलंबून होती.

लसकुपीचा हिशोबही येथे समजून घ्यावा. कोविशील्डच्या एका कुपीत १० मात्रा असत. ती २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागे आणि एकदा उघडली की ४ तासांत वापरावी लागे. केंद्रावर तीनच माणसे आली तर परिचारिकेपुढे दोन मार्ग उरत : कुपी उघडून सात मात्रा वाया घालवायच्या, किंवा ‘थोडे थांबा, माणसे जमू द्या’ म्हणायचे. थांबलेला माणूस कंटाळून घरी गेला की पुन्हा येईलच याची खात्री नसे. म्हणून लहान गावात माणसे एका ठरावीक वेळी एकत्र येणे फार महत्त्वाचे ठरले.

कोवलममध्ये काय केले?

एसटीएस फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने सी. एन. रामदास ट्रस्ट आणि चिराज ट्रस्ट यांच्या साहाय्याने गावात मोहीम घेतली. लस घेणाऱ्या प्रत्येकाला बिर्याणी आणि मोबाइल रिचार्ज कूपन मिळे. दर आठवड्याच्या सोडतीत मिक्सर-ग्राइंडर, सोन्याचे नाणे अशी बक्षिसे होती आणि शेवटच्या मोठ्या सोडतीत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि स्कूटर. बक्षिसे संस्थांची होती. लस मात्र सरकारीच आणि मोफत.

त्या वेळच्या बातम्यांनुसार आधीच्या दोन महिन्यांत गावात साठहूनही कमी लोकांनी लस घेतली होती. मोहिमेनंतर अवघ्या तीन दिवसांत ती संख्या तीनशेच्या वर गेली. ही बातमी देशभर ‘बिर्याणीने केलेली जादू’ म्हणून गाजली.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधीच्या दोन महिन्यांपैकी बहुतेक काळ ४५ वर्षांखालील माणसाला लस घेण्याची परवानगीच नव्हती. तामिळनाडूत ती २० मेपासून मिळाली. म्हणजे गावातील तरुण ‘येत नव्हते’ असे म्हणण्याआधी त्यांना बोलावले केव्हा होते हे पाहावे. दुसरे असे, की २१ मे २०२१ रोजी तामिळनाडूत एका दिवसात ३६ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेतील तो उच्चांक होता. आजूबाजूला माणसे जात असताना लसीची धास्ती कमी आणि रोगाची जास्त होणे स्वाभाविक आहे. बिर्याणीचा वाटा होताच. सगळे श्रेय मात्र तिला देता येणार नाही.

बक्षिसाने लसीकरण वाढते का?

सोडत आणि हमखास मिळणारी वस्तू यांत फरक करायला हवा. अमेरिकेतील ओहायो राज्याने मे २०२१ मध्ये लस घेतलेल्यांसाठी दहा लाख डॉलरच्या पाच सोडती जाहीर केल्या. नंतर झालेल्या अभ्यासात त्यामुळे लसीकरण वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. स्वीडनमध्ये मात्र लस घेणाऱ्या प्रत्येकाला सुमारे २४ डॉलर इतकी लहान पण खात्रीची रक्कम दिली, तेव्हा लसीकरण सुमारे ४ टक्के बिंदूंनी वाढल्याचे आढळले.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले. चंद्रपूर महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये लस घेणाऱ्यांसाठी फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एलईडी टीव्हीची सोडत जाहीर केली होती. स्कूटर आणि फ्रिज बातमीत शोभून दिसतात. बुडालेल्या दिवसाचे जेवण आणि घरच्यांशी बोलायला लागणारा रिचार्ज या गोष्टी मात्र रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात पडतात, आणि कोवलममध्ये जास्त उपयोग त्यांचाच झाला असावा.

अन्नाचा आणखी एक किस्सा तामिळनाडूचाच आहे. राज्याने १२ सप्टेंबर २०२१ पासून रविवारी महालसीकरण शिबिरे घेतली. पहिल्याच दिवशी २८ लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. पण रविवारी मांसाहार आणि मद्यपान करणारे त्या दिवशी लस टाळतात, असे लक्षात आल्यावर ऑक्टोबरमध्ये एक शिबिर शनिवारी ठेवण्यात आले. मांसाहार केल्यास लस घेऊ नये असा कोणताही वैद्यकीय नियम नव्हता. तरीही सरकारने वाद घालत न बसता वार बदलला. अशी लवचीकता आपल्याकडील मोहिमांतही हवी.

लस न घेतल्यास रेशन, पगार किंवा प्रवास अडवता येतो का?

बक्षिसाच्या उलट टोकाचे उपायही झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हा प्रशासनाने किमान एक मात्रा घेतलेल्यांनाच रेशन, पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस देण्याचा आदेश काढला. त्या वेळी जिल्ह्यात पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांनी लस घेतली होती, तर राज्याचे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास होते. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्या सर्वसामान्य प्रवाशांनाच लोकलचा पास मिळत होता. महाराष्ट्रातील निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठवण्यात आले.

कायद्याची स्थिती अशी आहे. कोविड लसीकरण सुरुवातीपासून ऐच्छिक होते आणि कोणालाही जबरदस्तीने लस दिली जाणार नाही, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. स्वतःच्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, त्यामुळे कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तिस्वातंत्र्यावर वाजवी मर्यादा घालू शकते; पण त्या वेळी संसर्ग कमी असताना लस न घेतलेल्यांवर लादलेले निर्बंध प्रमाणशीर नव्हते, असेही निकालात आहे. सरकारचे लसीकरण धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ : केवळ कोविड लस घेतली नाही म्हणून रेशन दुकानदाराने धान्य नाकारले, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तोंडी ‘वरून आदेश आहे’ असे सांगितले गेल्यास आदेशाची प्रत मागा.

सक्तीबाबत महाराष्ट्राला फार जुना अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर सैनिक घुसवून झडत्या घेतल्या गेल्या. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडण्यात झाली. कोविड काळात वापरला गेलेला साथरोग कायदाही त्याच वर्षीचा, १८९७ चा.

लसीनंतर त्रास झाल्यास काय करावे?

लस घेतल्यावर केंद्रावर ३० मिनिटे थांबणे आवश्यक मानले होते, कारण तीव्र ॲलर्जी बहुधा तेवढ्या वेळात दिसते. त्यानंतर होणाऱ्या कोणत्याही त्रासाची माहिती आशा कार्यकर्ती, एएनएम किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला देता येते. त्रास लसीमुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करायचे नसते. ते ठरवण्याचे काम जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्तरावरील समित्यांचे आहे. रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू झाला, तर अशी घटना गंभीर मानली जाते आणि तिची चौकशी करणे यंत्रणेला बंधनकारक आहे. लसीची तारीख, लसीचे नाव, बॅच क्रमांक (प्रमाणपत्रावर असतो) आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवा.

कोविशील्डबाबत आरोग्य मंत्रालयाने मे २०२१ मध्ये दिलेली सूचना अशी होती : लस घेतल्यापासून २० दिवसांत श्वास लागणे, छातीत दुखणे, हात किंवा पाय दुखून सुजणे, सतत तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, उलटीसह किंवा उलटीविना सतत पोटदुखी, अथवा टोचलेल्या जागेपासून दूर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता भारतात दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतकी आढळली होती. हा धोका अत्यल्प होता, पण शून्य नव्हता. तो आधीच स्पष्ट सांगितला असता तर अफवेला कमी जागा मिळाली असती.

प्रमाणपत्र आणि त्यातील दुरुस्ती

लसीकरणाचे प्रमाणपत्र को-विन पोर्टलवर नोंदणीचा मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी वापरून मिळते. डिजिलॉकरवरूनही ते घेता येते. यासाठी कोणालाही पैसे देऊ नका आणि ओटीपी सांगू नका.

नाव, जन्मवर्ष, लिंग किंवा ओळखपत्र क्रमांकातील चूक पोर्टलवरील तक्रार नोंदवण्याच्या विभागात सुधारता येते. ही सुधारणा एकदाच करता येत असल्याने ओळखपत्र समोर ठेवूनच माहिती भरा. परदेशप्रवासासाठी पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीखही त्यात जोडता येते.

कामानिमित्त राज्य बदललेल्यांची एक अडचण वारंवार आढळते. पहिली मात्रा चेन्नईत एका मोबाइल क्रमांकावर आणि दुसरी सांगली किंवा सोलापूरला दुसऱ्या क्रमांकावर घेतली असेल, तर पोर्टलवर ‘पहिली मात्रा’ अशी दोन वेगवेगळी प्रमाणपत्रे तयार होतात. अशा वेळी त्याच विभागातील प्रमाणपत्रे एकत्र करण्याचा पर्याय निवडा. दोन्ही नोंदींतील नाव, जन्मवर्ष आणि ओळखपत्र जुळत असेल तरच त्या एकत्र होतात. जुळत नसल्यास आधी चूक असलेली नोंद दुरुस्त करा.

फोन वापरता येत नसल्यास आपले सरकार सेवा केंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मदत मिळू शकते. कोविडबाबत राष्ट्रीय मदत क्रमांक १०७५ असा दिला गेला होता. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी महाराष्ट्र आणि तामिळनाडू या दोन्ही राज्यांत १०४ हा क्रमांक आहे. सध्या लस कोठे आणि कोणासाठी उपलब्ध आहे, हे जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारूनच जावे.